खोडलेली रेघ

योहान गुरुजींनी बांबूच्या काठीवर गुंडाळलेला कापडी नकाशा बचाव पथकाच्या जीपच्या बॉनेटवर उलगडला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार गोटे ठेवले. वर ताडपत्री धरून दोन माणसं उभी होती, तरी थेंब कुठून ना कुठून गळतच होते. पथकाचे साहेब वाकून बघू लागले. सहा फुटी मांजरपाटावर अख्खी वाकडी नदी उतरली होती. बालाघाटाच्या उतारावरचा झरा, पुढे येऊन मिळणारे तीन ओढे, अकरा वळणं, चार डोह, कोल्हापुरी बंधारा, आणि सत्तावीस किलोमीटर चालून शेवटी सीना नदीच्या अंगावर टाकलेलं अंग.

"सर, असा नकाशा आमच्या ऑफिसातसुद्धा नाही," साहेब म्हणाले. "कुणी काढला?"

"मीच," गुरुजी म्हणाले. अशा वेळीही आपल्याला बरं वाटलं, याची त्यांना लगेच लाज वाटली.

जीपपासून चार पावलांवर कल्याणची बायको सत्यशीला उभी होती. तिच्या हातात खताची रिकामी पिशवी होती, तोंडाशी सुतळीनं घट्ट बांधलेली. आत कल्याणचा स्वेटर होता. काल दुपारी बोट पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हापासून ती हेच सांगत होती आणि आत्ताही तिनं साहेबांना तेच सांगितलं.

"सायेब, घावले की आधी ह्यो घाला. त्यास्नी गारठा सोसत न्हाई."

साहेब तरुण होते. असली वाक्यं ऐकायची त्यांना सवय असावी, पण उत्तर द्यायची अजून झालेली दिसत नव्हती. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं.

काल, सोमवारी पहाटे कल्याण नदीवरची पाण्याची मोटार वर ओढायला गेला, तो परत आला नव्हता. सप्टेंबर संपत आला होता आणि चार दिवस पाऊस नुसता कोसळत होता. एरवी वाकडी म्हणजे दिवाळीनंतर गुरं बसतील एवढीच नदी. बाहेरगावचा माणूस तिला ओढा म्हणायचा आणि गावकऱ्यांना राग यायचा. तीच आता काठ सोडून रानात शिरली होती. कल्याणला शेवटचं पाहिलं रामहरीनं. रामहरी भोई गावात मासेमारी करायचा, कल्याणचा शाळेपासूनचा सोबती. "कमरंला दोर बांधून उतरला," तो कालपासून येईल त्याला सांगत होता. "मी म्हनलं, मोटार गेली तर जाऊ दी. म्हनला, दोन मिनटं. मी बॅटरी घ्यायला वळलो आन् मागं बघतोय तर मोटारबी न्हाई आन् ह्योबी न्हाई."

मिरजगावकडचा रस्ता सीनेच्या पाण्याखाली गेलेला, म्हणून पथक जामखेडवरून वळसा घालून काल दुपारी पोचलं होतं. पावसात ड्रोन उडत नव्हता. बोट एकच. अंधार पडेपर्यंत बंधाऱ्यापासून संगमापर्यंत शोधलं आणि हाती काही लागलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, गुरुजींना बोलवा, नदी त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक आहे?

यात खोटं काही नव्हतं. गुरुजींची बायको दया हयात असताना म्हणायची, "ह्यांना माझा वाढदिवस आठवायचा नाही, पण वाकडीचं आठवं वळण कुणाच्या बांधाला लागतं ते झोपेत सांगतील. सवत आहे माझी ती." जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं चौथीचा वर्ग घेतला आणि दर जानेवारीत ते त्या वर्गाला नदीच्या काठाकाठानं चालवत न्यायचे. आदल्या दिवशी नियम पाठ करून घ्यायचे. भाकरी दोन आणायच्या, एक आपली आणि एक विसरणाऱ्याची. पाणी झऱ्याचंच प्यायचं. आणि वाट चुकली तर शोधत फिरायचं नाही, पाण्याकडे जायचं नाही; जेवणाच्या उंबराखाली जाऊन थांबायचं, मी येतो. पोरं हे सगळं एका सुरात म्हणायची. सातव्या वळणाच्या आसपास सावली कुठेच नव्हती, म्हणून जेवायला नदी सोडून किलोमीटरभर आत त्या उंबराखाली जायची पद्धत पडली होती. चौथी झालेल्या माणसाला गावात 'उंबर' एवढंच म्हटलं तरी पुरायचं.

"मला विचाराल तर तिसरा डोह," गुरुजींनी नकाशावर बोट ठेवलं. "काळा डोह. वरून काही वाहत आलं की तिथं गोल फिरत राहतं. त्याच्या आधी हे सातवं वळण, कल्याणची मोटार इथंच होती. काल तुम्ही बंधाऱ्याच्या खाली शोधलंत. माणूस बंधाऱ्यापर्यंत गेलाच नसेल."

"मग काळा डोह आधी घेऊ," साहेब म्हणाले.

बोट खाली गेली. गुरुजी सातव्या वळणावरच्या उंचवट्यावर, एका बाभळीला टेकून उभे राहिले. समोर जिकडे पाहावं तिकडे गढूळ पाणी होतं. नदी कुठं संपते आणि रान कुठं सुरू होतं ते फक्त उसाच्या शेंड्यांवरून आणि विजेच्या खांबांवरून ओळखायचं. साधारण दहा वाजले असतील. वरच्या अंगानं कडब्याच्या दोन पेंढ्या वाहत आल्या. पहिली वळणावरून सरळ पुढे निघून गेली. दुसरी जरा रेंगाळली, स्वतःभोवती फिरली आणि डावीकडे वळून उसात शिरली.

वाऱ्यानं गेली असेल, असं गुरुजींनी स्वतःला सांगितलं. मग एक निळा प्लॅस्टिकचा कॅन आला. तोही वळणावर थबकला आणि पेंढीच्या मागोमाग डावीकडे गेला, चांगला वेगानं. पाठोपाठ एक पपईचं झाड मुळांसकट आलं आणि त्यानंही तीच वाट धरली.

गुरुजींनी चष्मा काढला, ओल्या सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला.

तिथं बाभळींनी भरलेला एक मातीचा बांध होता. म्हणजे परवापर्यंत होता. आता त्याच्या जागी नुसतं पाणी दिसत होतं, आणि आजूबाजूला सगळीकडेच पाणी असल्यामुळे बांध फुटलाय हे कुणाच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं. तो बांध कशासाठी घातला होता, हे ठाऊक असलेला गावात एकच माणूस उरला होता. बहात्तरच्या दुष्काळात गुरुजींचे वडील सीमोन तिथल्या कामावर मुकादम होते. वाकडीला तेव्हा दोन पात्रं होती. सातव्या वळणावर ती फाटायची. एक फाटा सरळ जायचा, दुसरा उंबराला वळसा घालून खाली पुन्हा येऊन मिळायचा. दोन्हींना पुरेल एवढं पाणी नदीला कधी नव्हतंच, म्हणून दुष्काळी कामात दुसऱ्याचं तोंड बुजवलं. दहा वर्षांनी तिथं नांगर फिरला. पुढे माती वाहणारी माणसं एकेक करून मातीत गेली, आणि कसणाऱ्यांना एवढंच माहीत राहिलं की हे रान जरा खोलगट आहे आणि ऊस झकास येतो.

आणि नकाशात? नकाशात तिथं कोरं कापड होतं, आणि मधोमध एक छोटंसं हिरवं झाड.

गुरुजींना ते विसरायला झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांना सगळं आठवत होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी नदीवरून फिरून आल्यावर त्यांनी मुलांना वहीत नकाशा काढायला सांगितला, आणि कल्याणनं निळ्या पेन्सिलीनं दोन रेघा काढल्या.

"ही दुसरी कुठली?" गुरुजींनी विचारलं होतं.

"तीबी नदीच हाय, गुरुजी. उंबराकडनं जाती."

"तिथं पाणी बघितलंस?"

"पानी न्हाई. पन गोटं हायती. नदीतल्यावानी गुळगुळीत."

इतकी वर्षं पोरं उंबराखाली जेवत आली होती, ते गोटे एकमेकांवर रचून त्यांवर बसली होती, आणि ते गोटे तिथं आले कुठून हे एकानंही विचारलं नव्हतं. गुरुजींना त्याचा अभिमान वाटायला हवा होता. वाटलाही, क्षणभर. पण पुढच्या आठवड्यात तालुक्याला नकाशांची स्पर्धा होती, सरकारी नकाशात एकच रेघ होती, आणि चाळीस पोरांना दोन पात्रांचं रामायण समजावत बसायला वेळ नव्हता. त्यांनी कल्याणच्या कंपासपेटीतलं खोडरबर घेतलं आणि दुसरी रेघ खोडून टाकली.

"नदी एकच असते. नकाशात नाही ते लक्षात ठेवायचं नाही," ते म्हणाले होते आणि लाल पेननं अर्धा गुण कापला होता.

कल्याणनं वहीवरचा खोडरबराचा भुगा फुंकून टाकला. "बरं, गुरुजी," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.

आता ओरडून सांगायला हवं होतं. बोट हाकेच्या अंतरावर नसली तरी काठावर वीस माणसं होती, त्यांच्याकडे मोबाईल होते. गुरुजींनी तोंड उघडलंही. पण सांगायचं म्हणजे नुसतं 'तिकडे बघा' म्हणून भागणार नव्हतं. साहेब विचारणार, नकाशात तर तिथं काहीच नाही. मग सगळ्यांसमोर सांगावं लागणार, की नाही, कारण मीच ठेवलं नाही. हाच नकाशा शाळेच्या भिंतीवर रंगवलाय. ग्रामपंचायतीत टांगलाय. तासाभरापूर्वी साहेबांनी त्याचं कौतुक केलंय. शिवाय बोट एकच. ती उसात घातली आणि कल्याण डोहात असला तर? एक पेंढी, एक कॅन आणि एक झाड वळलं म्हणून माणूसही तिकडेच गेला असेल असं थोडंच आहे? एवढा डोह होऊ दे, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. ही सगळी कारणं शहाण्या माणसाची होती, आणि यांतलं एकही खरं कारण नव्हतं, हे त्यांना त्याच वेळी कळत होतं.

त्यांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना सुरू केली. देवा, कल्याण काळ्या डोहात सापडू दे. दोनदा म्हटल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की डोहात सापडणारा माणूस जिवंत नसतो. त्यांनी प्रार्थना अर्धवट सोडली आणि पुढे नवीन काही सुचलं नाही.

बारा वाजता बोट काळ्या डोहातून रिकामी आली. गुरुजींनी चौथा डोह सांगितला. दीड वाजता तिथूनही रिकामी आली. गुरुजींनी बंधाऱ्याच्या वरचा भोवरा सांगितला. आपण बोलतोय तो आवाज आपला नाही असं त्यांना वाटत होतं, पण बोलणं मात्र नेहमीसारखंच, वर्गातल्यासारखं खणखणीत येत होतं. पावसाचा जोर थोडा कमी झाला, वारा मात्र वाढला. काठावरची माणसं खांद्यावर पोती घेऊन काकडत होती. चार दिवसांत ऊन असं पडलंच नव्हतं.

अडीचच्या सुमारास सत्यशीला त्यांच्याकडे आली. कुणाच्या तरी घरचा चहा तिनं पेल्यात आणला होता आणि वरून पदर धरला होता.

"घ्या, गुरुजी. सकाळधरनं उपाशी हाईसा."

"तू घेतलास?"

"मला जात न्हाई." ती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि पाण्याकडे बघत राहिली. "सायेब म्हनत्यात, चार वाजता थांबायचं. उद्या सीनंत बघू म्हनत्यात, पार खाली, करमाळ्याच्या अंगाला." पिशवीची सुतळी ती बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. "सीनंत गेल्यावर कशाचं घावायचं, गुरुजी? तुमीच सांगा. तुमच्या नकाशात आजून एखादी जागा ऱ्हायली न्हाई का? येकच. बारकी का आसंना."

गुरुजींनी पेला तिच्या हातात परत दिला.

"राहिलीय," ते म्हणाले.

ते जीपकडे चालत गेले नाहीत, धावले. पासष्टीच्या माणसाला चिखलात धावताना पाहून लोक बाजूला झाले. साहेबांच्या खिशातलं पेन त्यांनी विचारल्याशिवाय ओढून घेतलं आणि मांजरपाटावर सातव्या वळणापासून एक रेघ काढायला सुरुवात केली. ओल्या कापडावर शाई पसरत गेली. इतक्या वर्षांत त्यांनी ही रेघ एकदाही काढली नव्हती, तरी हात कुठं अडला नाही. तीन वळणं घेऊन रेघ हिरव्या झाडाला वळसा घालून खाली आली.

"ही काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"नदी."

"सर, पण सकाळी तुम्ही—"

"सकाळी सांगितलं नाही. ही पण नदीच आहे. बांध फुटलाय तिथला. बोट इकडे घ्या, मी बसतो पुढे."

नारिंगी जॅकेट घालून गुरुजी बोटीत बसले. रामहरीला वाट माहीत नव्हती, पण पाणी माहीत होतं, म्हणून तोही आला. फुटलेल्या बांधाच्या जागी बोट अशी ओढली गेली की साहेबांनी काठ घट्ट धरला. उसात शिरल्यावर इंजिन वर घ्यावं लागलं, पाती पंख्यात अडकत होती. मग बांबूंनी रेटत निघाले. गुरुजी वाट सांगत होते. डावीकडे. आता त्या विजेच्या खांबाच्या उजव्या अंगानं. पुढे तूर लागेल, तिथं पुन्हा डावीकडे. वडिलांचं बोट धरून ते या पात्रातून शेवटचे चालले तेव्हा अकरा वर्षांचे होते.

"इथे ओढ आहे," साहेब पाण्यात हात घालून म्हणाले. "आम्हाला वाटलं पावसाचं साचलंय. हे वाहतंय."

बांबू पाण्यात पडल्याचा तेवढा आवाज येत होता.

शेवटच्या वळणावर ऊस संपला आणि उंबर दिसला. आधी त्याच्या वरच्या फांदीला बांधलेला सदरा दिसला. पांढरा, भिजून लोंबणारा, गावाच्या बाजूनं येणाऱ्याला पहिल्यांदा दिसावा अशा जागी बांधलेला. त्याच्या खाली, दोन मोठ्या फांद्या फुटतात त्या बेचक्यात, कल्याण बसला होता. मोटारीचा दोर त्यानं छातीभोवती आणि खोडाभोवती तीनदा फिरवून बैलाच्या दाव्याची गाठ मारली होती, म्हणजे डोळा लागला तरी पडू नये. डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळलेला होता. अंगात नुसतं बनियन होतं. मान एका बाजूला कलली होती.

"कल्या!" रामहरी ओरडला. "ए कल्या!"

बोट खोडाला टेकायच्या आत तो झाडावर चढला होता. त्यानं कल्याणच्या गालाला हात लावला, मग मानेला, मग काखेत घातला, आणि तो तिथंच थांबला. साहेब वर चढले. दोघांनी मिळून गाठ कापली आणि त्याला खाली घेतलं. साहेबांनी त्याला बोटीत आडवं करून छाती दाबायला सुरुवात केली. मोठ्यानं आकडे मोजत दाबत होते. तीसपर्यंत जायचे, वाकून तोंडात श्वास सोडायचे, पुन्हा एकपासून सुरू करायचे. काठ येईपर्यंत त्यांनी हे थांबवलं नाही. कल्याणचा हात बोटीच्या हादऱ्याबरोबर हलत होता. मऊपणे, झोपलेल्या माणसाचा हलावा तसा.

रामहरी बांबू रेटत होता. गुरुजींच्या अगदी जवळ होता, तरी त्यांच्याकडे बघत नव्हता.

"ह्यो बुडाला न्हाई, गुरुजी," तो हळूच म्हणाला. "मी बुडालेली मानसं लई काढलीत. ह्यो गारठ्यानं गेला. काखंत ऊब हाय आजून."

काठावर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरीण बाईंनी छातीला नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि साहेबांना बाजूला घेतलं. गुरुजी ऐकू येईल एवढ्या अंतरावर होते. फार तर दोन तास झाले असतील, बाई म्हणत होत्या, जास्त नाही. काल पहाटेपासून इतका वेळ टिकला हेच विशेष आहे.

सव्वाचार वाजले होते. पेंढी वळली तेव्हा दहा वाजले होते. चौथीच्या पोराला येईल असं ते गणित होतं आणि गुरुजींनी ते करायचं नाही म्हटलं तरी ते आपोआप झालं.

गर्दी त्यांच्याभोवती जमली. कुणी त्यांचा हात धरला, कुणी पाठीवर हात ठेवला. गुरुजी होते म्हणून देह तरी मिळाला, नाहीतर आख्खी सीना पालथी घातली असती तरी घावला नसता, असं जो तो एकमेकांना सांगत होता. साहेबांनीही येऊन नमस्कार केला. गुरुजी उभ्या जागी थरथरत होते. बोटीत बसल्यापासून ते आरपार भिजले होते आणि त्यांचे दात एकमेकांवर वाजत होते.

रडणाऱ्या सत्यशीलाला बायकांनी दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं. बराच वेळ तिचं रडणं चाललं. मग ती त्यांच्यातून उठली आणि सरळ गुरुजींकडे आली. लोकांनी वाट दिली. गुरुजींना वाटलं, आता ही विचारणार. त्यांनी मनाची तयारी केली. खरं तर त्यांना तेच हवं होतं.

"सत्यशीला," ते म्हणाले, "मला सकाळीच—"

"बोलू नगा. दात वाजत्यात तुमचं." तिनं पिशवीची सुतळी सोडायला घेतली. ओल्यानं गाठ आवळली होती, तिनं ती दातानं सोडवली. आतला स्वेटर कोरडा होता. "हात वर करा."

"नको. पोरी, नको."

"करा म्हनते ना."

तिनं लहान मुलाला घालावा तसा तो स्वेटर त्यांच्या डोक्यातून घातला, एकेक बाही ओढून हात बाहेर काढले, खाली कमरेपर्यंत नीट केला. स्वेटर गुरुजींना मोठा होत होता.

"माज्या डोक्यातच आलं न्हाई बगा," ती म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "आमच्या पोरीला, राजेश्वरीला, ते हजारदा सांगायचे. वाट चुकलीस तर उंबराखाली थांब, गुरुजी येत्यात. मला कालच आटवायला पायजे हुतं. पन नदी तिकडनं जात न्हाई ना. मंग तिकडं कोन कशाला बगंल?"



तिनं वाकून त्यांच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.

"त्यास्नी ठावं हुतं, गुरुजी," ती तिथूनच म्हणाली, "तुमी येनार म्हनून."